पाईक आणि प्यादे

मराठीत सध्या ‘पाईक’ या शब्दाची मोठी चैन चालली आहे. कुणी गांधीविचारांचा पाईक असतो, कुणी पुरोगामी परंपरेचा, कुणी नुसताच ‘साहेबांचा’. सत्काराच्या सभेत हार गळ्यात पडण्यापूर्वी एकदा आणि शोकसभेत हार तसबिरीला चढल्यावर एकदा, असा माणूस निदान दोनदा तरी पाईक होतोच. गेल्या वर्षी वर्गात मी सहज विचारले, ‘पाईक म्हणजे कोण?’ पहिल्या बाकावरून उत्तर आले, ‘कट्टर कार्यकर्ता, सर!’ शेवटच्या बाकावरून दुरुस्ती आली, ‘सतरंज्या उचलणारा!’ वर्ग हसला, मीही हसलो. पण दोन्ही उत्तरांत एक गोष्ट सारखी होती. पाईक म्हणजे आपली अक्कल घरी ठेवून दुसऱ्याच्या मागून चालणारा, हे दोन्ही बाकांना मान्य होते. आणि ज्या माणसावरून हा शब्द आपल्याला मिळाला, तो माणूस तर नेमका याच्या उलट होता. आज त्याचीच थोडी चौकशी करावी म्हणतो.

शब्दाची कुळकथा साधी आहे. संस्कृतात ‘पदाति’ म्हणजे पायी लढणारा. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण रचले, त्यात या पदातीला प्राकृतात ‘पाइक्क’ म्हणावे असे सांगून ठेवले आहे. त्या पाइक्कातला एक क झिजला की आपला पाईक उभा राहतो. फारसीतला ‘पियादा’ हाही पायावरूनच आलेला. तो आपल्या बुद्धिबळाच्या पटावर प्यादे होऊन बसला. म्हणजे पाईक आणि प्यादे एकाच घरातले दोघे. पण पटावर त्या बिचाऱ्या प्याद्याची दशा पाहा. हत्ती मागे येतो, घोडा मागे उडी मारतो, उंट तिरपा का होईना परततो, खुद्द राजेसाहेब एक घर माघार घेऊ शकतात. मागे फिरायची बंदी आहे ती एकट्या प्याद्याला. पुढे जा, नाही तर जागच्या जागी मर!

प्राचीन रणांगणावर गोष्ट बरोबर उलटी होती. रथ, हत्ती, चिलखती पायदळ ही मंडळी एकदा पुढे सुटली की त्यांना वळवणे कर्मकठीण. पुढे जाऊन मागे येणे आणि मागे येऊन पुन्हा पुढे जाणे ही विद्या ज्याची होती, तो हलका पाईक. अंगावर लोखंड नाही, हातात चारदोन फेकीचे भाले, दुसऱ्या हातात वेताची नाही तर कातड्याची ढाल, आणि बाकी सगळी भिस्त पायांवर. जगातल्या बहुतेक जुन्या सैन्यांत हा माणूस होता, आणि बहुतेक ठिकाणी तो गरिबाघरचाच होता.

आपल्याकडे त्याला नावांची वाण पडली नाही. अमरकोशात पायदळाच्या माणसासाठी एकदोन नव्हे, सात शब्द दिले आहेत. वाण पडली ती त्याच्या स्वतःच्या नावाची. महाभारतातल्या एका अक्षौहिणीचा हिशेब सर्वांना माहीत आहे. रथ २१,८७०, हत्ती तितकेच, घोडे ६५,६१० आणि पायी लढणारे १,०९,३५०. म्हणजे एकेका रथामागे पाच पाईक. अठरा अक्षौहिण्यांचे किती होतात ते वाचकांनी फराळानंतर कागदावर मांडून पाहावे. एवढ्या मोठ्या गर्दीतल्या किती जणांना व्यासांनी नावाने हाक मारली? रथातून लढणाऱ्याच्या शंखालासुद्धा नाव आहे, आणि त्याच्या रथाच्या चाकाशी धावणाऱ्या पाच जणांचा उल्लेख होतो तो ‘असंख्य पदाति पडले’ एवढाच.

बरे, या माणसाच्या हातात काय होते? ते मात्र कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोठ्या तपशिलाने सापडते. आयुधागाराच्या प्रकरणात त्याने शक्ती, प्रास, कुंत, शूल, तोमर अशी टोकदार हत्यारांची यादी दिली आहे. त्यात एकाचे नाव ‘वराहकर्ण’, म्हणजे रानडुकराच्या कानासारखे पाते असलेला. या साऱ्या जातीला त्याने एकच नाव दिले आहे: ‘हलमुख’. नांगराच्या फाळासारखे ज्याचे तोंड, ते हलमुख.

या शब्दापाशी मी बराच वेळ थबकलो, त्याला कारण आहे. माझे गाव हट्टा. वसमत तालुक्यातले. आधी आम्ही परभणी जिल्ह्यात होतो, १९९९ पासून हिंगोलीत आहोत. आमच्या जुन्या माळवदाच्या घरात सऱ्यांच्या बेचक्यात एक बरची खोवलेली असे. लांबी माणसाच्या खांद्याएवढी, दांडा बांबूचा, टोकाला वीतभर लोखंड. ती कुणी, कधी, कशासाठी केली हे घरात कुणालाच सांगता येत नसे. आजीच्या हयातीत तिचा उपयोग एकच होता, उंच खुंटीवरची गाठोडी खाली काढणे! पण त्या लोखंडी टोकाकडे पाहून आजोबा म्हणत, ‘हे लोहाराने फाळाच्या तुकड्यातून काढलंय.’ आजोबांनी कौटिल्य वाचला नव्हता. कौटिल्याने मात्र लोहाराचा भाता नक्कीच पाहिला होता. ज्या ऐरणीवर फाळ शेवटायचा तिच्यावरच भाल्याचे टोक ठोकायचे, आणि पेरणी उरकली की ज्याच्या हातातून नांगर सुटला त्याच्याच हातात ते द्यायचे, एवढा सगळा संसार ‘हलमुख’ या एका शब्दात मावला आहे.

फेकीच्या भाल्याचे शास्त्र खेड्यातल्या पोरांना शिकवावे लागत नाही. ज्वारी काढल्यावर शेतात धांडे पडलेले असत, आम्ही तेच भाले करून फेकत असू. शेंड्याकडून फेकलेला धांडा हवेत गटांगळ्या खातो. बुडखा पुढे करून फेकला तर सरळ जातो, कारण जड टोक वाट दाखवते आणि हलके टोक मुकाट्याने मागून येते. हेच तत्त्व आजच्या क्रीडांगणावरही आहे. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर भाला फेकला तेव्हा मैदाने अपुरी पडायची वेळ आली. मग १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटीमीटर पुढे सरकवला, म्हणजे तो लवकर नाक खाली करून उतरू लागला. नीरज चोप्राने २०२१ साली टोकियोत ८७.५८ मीटर फेकीचे सुवर्णपदक मिळवले ते या नव्या भाल्याने. मात्र त्या मैदानात समोरून उलटा भाला येत नाही, ही सोय जुन्या पाईकाला नव्हती.

ग्रीकांनी आपल्याकडचे हे पायदळ पाहून लिहून ठेवले आहे. शिकंदराच्या आरमाराचा सरदार निआर्कस याच्या आधाराने ॲरिअन सांगतो, की हिंदी पायदळातले बहुतेक लोक पुरुषभर उंचीचे धनुष्य वापरतात, त्याचे टोक जमिनीवर टेकून डाव्या पायाने दाबतात. पण काहीजण धनुष्याऐवजी फेकीचे भाले घेतात. ढाली कच्च्या कातड्याच्या, अंगापेक्षा अरुंद, पण उंचीने जवळजवळ माणसाएवढ्या. वर्णन नेटके आहे. पण हे लोक लढत कसे, हे त्याने सांगितले नाही.

आपल्याच मुलखात त्यांचे चित्र पाहायचे असेल तर पितळखोऱ्याला जावे. कन्नड तालुक्यात सातमाळ्याच्या रांगेत, खोल दरीच्या कडेला ही लेणी आहेत, ख्रिस्तपूर्व काळापासूनची. अजिंठा-वेरूळच्या वाटेवरची गर्दी तिकडे फिरकत नाही. पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी १९५९ साली या लेण्यांवर विस्ताराने लिहिले, तेव्हा कुठे अभ्यासकांचे तिकडे नीट लक्ष गेले. तिथल्या चौथ्या लेण्याच्या दाराशी दोन द्वारपाल उभे आहेत. अंगात बाह्यांचा डगला, एका हातात भाला, दुसऱ्यात ढाल. देवाच्या दारातले म्हणून त्यांना यक्ष म्हणा की आणखी काही, शिल्पकाराने समोर उभा केलेला नमुना हा कुठल्या तरी राजाच्या पायदळातला आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. त्याच लेण्यांत शिलालेख आहेत. पैठणच्या गांधिक कुळातल्या मितदेवाने खांब दिला, मगिल नावाच्या राजवैद्याने दान दिले. अत्तरवाल्याचे नाव राहिले, वैद्याचे राहिले. भाला घेऊन दोन हजार वर्षे दारात उभ्या असलेल्यांची नावे विचारायची कुणाला आठवण झाली नाही.

आमच्या ग्रंथांनी पाईकाची हत्यारे मोजली, पण त्याचे लढणे सांगितले नाही. तेव्हा ते पाहण्यासाठी परक्याच्या दारी जाणे भाग आहे. ग्रीक इतिहासकारांना तरी त्याचे कौतुक होते असे नाही. त्यांनी त्याच्याविषयी लिहिले ते धक्का बसला म्हणून.

ग्रीस देशातला प्रतिष्ठित लढवय्या म्हणजे चिलखत, शिरस्त्राण, मोठी गोल ढाल आणि लांब भाला यांनी मढलेला घरंदाज गृहस्थ. हा भाला फेकायचा नसे. खांद्याला खांदा भिडवून रांग उभी करायची आणि समोरच्या तशाच रांगेवर जाऊन आदळायचे, ही त्यांची लढाई. हत्यारे ज्याची त्याने विकत घ्यायची, म्हणजे रांगेत उभे राहायचे तर आधी गाठीला पैसा हवा. ज्याच्यापाशी तो नाही, तो दगड आणि भाले फेकायला मोकळा. उत्तरेकडच्या थ्रेस प्रांतात असले भाडोत्री लोक पुष्कळ मिळत. डोक्याला कोल्ह्याच्या कातड्याची टोपी आणि हातात चंद्रकोरीसारखी कापलेली वेताची हलकी ढाल. त्या ढालीचे नाव ‘पेल्टे’, म्हणून हे लोक ‘पेल्टास्ट’. भाल्याच्या दांड्याला ते चामड्याची वादी गुंडाळत, तिच्या फासात बोटे अडकवत आणि फेकताना वादी उलगडली की भाला भोवऱ्यासारखा फिरत लांब जाई. घरंदाज शिपाई त्यांना हसत. स्पार्टाचे लोक तर आपल्या दोस्तांची थट्टा करीत, की पोरे जशी बागुलबुवाला भितात तसे तुम्ही या पेल्टास्टांना भिता.

या थट्टेला पहिले उत्तर याआधीच मिळून गेले होते. इ.स.पू. ४२६ मध्ये डेमॉस्थेनीस नावाचा अथेन्सचा सेनापती एटोलियाच्या डोंगराळ भागात शिरला. तिथल्या भालाफेक्यांनी टेकड्यांवरून उतरून मारा करावा, अथेन्सवाले पुढे धावले की मागे सरावे, ते थांबले की पुन्हा यावे. अथेन्सचे १२० चांगले शिपाई कामास आले. पण डेमॉस्थेनीसने पराभव फुकट घालवला नाही. पुढच्याच वर्षी स्फॅक्टेरिया नावाच्या बेटावर स्पार्टाचे ४२० चिलखती वीर कोंडले गेले, तेव्हा त्याने आपली चिलखती रांग समोर नुसती उभी ठेवली आणि आठशे तिरंदाज व तितकेच पेल्टास्ट त्यांच्या चहूबाजूंनी सोडले. उरलेल्या २९२ जणांनी हत्यारे खाली ठेवली. स्पार्टाचा माणूस शरण जातो, हे ग्रीसने तोवर ऐकले नव्हते. कैद्यांपैकी एकाला कुणी खोचून विचारले, मेले ते तेवढे शूर होते काय? त्याने सांगितले, की शूर कोण नि भ्याड कोण हे ओळखून लागणारा बाण असेल तर तो मोठ्या किमतीचा म्हणायचा. हा टोमणा थ्युसिडिडीसने नोंदवला आहे. त्यात चीड आहे, पण ती कुणावर आहे? ज्याच्या बापजाद्यांना रांगेत जागा मिळाली नाही, त्याने रांग मोडली, याची ती चीड आहे.

खरी कथा मात्र पुढची, लेखीऑनची, इ.स.पू. ३९० ची. ती झेनोफनने बारकाईने सांगितली आहे. स्पार्टाच्या फौजेत अमिक्ली गावचे लोक होते. त्यांचा रिवाज असा, की कुठेही मोहिमेवर असोत, हायसिंथिया हा सण आला की त्यांनी घरी जायचेच. (दिवाळीला गावी जाण्यासाठी रजेचे अर्ज खरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) तर त्यांना वाटेला लावून सुमारे सहाशे चिलखती स्पार्टन कॉरिंथ शहराच्या तटाखालून छावणीकडे परत निघाले. शहरात अथेन्सचे पेल्टास्ट आहेत हे त्यांना ठाऊक होते. पण बागुलबुवाला भितो कोण?

पेल्टास्टांचा नायक इफिक्रेटीस. हा जोडे शिवणाऱ्याचा मुलगा होता असे सांगतात. त्याने तटावरून पाहिले, की यांच्यासोबत घोडदळ नाही, हलके पायदळ नाही. त्याने आपली माणसे बाहेर काढली. पहिले भाले आले, काही पडले, काही जखमी झाले. स्पार्टन नायकाने तरुण शिपायांना पाठलागाचा हुकूम दिला. ते धावले, पण पितळी ओझ्याखाली धावणार किती? पेल्टास्ट मागे गेले. पाठलाग करणारे दमून रांगेकडे वळले, तशी त्यांची पाठ उघडी पडली आणि भाले पुन्हा आले. मग जरा मोठ्या वयाच्यांना हुकूम झाला. पुन्हा तेच. प्रत्येक पाठलागात स्पार्टाचे उत्तम ते शिपाई पडत गेले आणि पेल्टास्टांची धिटाई वाढत गेली. पुढे स्पार्टाचे घोडेस्वार आले, पण त्यांनीही पळणाऱ्यांचा पिच्छा पुरवण्याऐवजी पायदळाच्या रांगेत रांग धरली. शेवटी समुद्राजवळच्या टेकडीवर उरलेले गोळा झाले, आणि अथेन्सचे चिलखती पायदळही येताना दिसले तेव्हा वाट फुटेल तिकडे पळाले. अडीचशे माणूस पडले.

ही गोष्ट वर्गात सांगितली की कुणी तरी ‘गनिमी कावा!’ असे ओरडतोच. ओरडू द्यावे, अभिमानाने कुणाचे पोट दुखत नाही. पण मला तिच्यात युक्तीपेक्षा माणूस जास्त दिसतो. रांगेतल्या शिपायाला विचार करावा लागत नाही. उजवीकडचा शेजारी उभा आहे तोवर आपण उभे राहायचे. पेल्टास्टाला मात्र दर घटकेला आपल्यापुरते ठरवावे लागते. किती जवळ जायचे, हातातला भाला आत्ता टाकायचा की राखायचा, समोरचा खरोखर धावतो आहे की नुसता पाय आपटतो आहे, आणि पळायचे ते कुठवर. हुकूम देणारा इतका जवळ नसतोच. तो पळतो तेव्हा भ्यालेला नसतो, आणि परत येतो तेव्हा पिसाळलेला नसतो.

रोमन लोकांनी हे काम सरळ सर्वांत तरुण आणि सर्वांत गरीब नागरिकांकडे दिले होते. पॉलिबिअसने त्यांच्या भाल्याविषयी एक मौजेची गोष्ट सांगितली आहे. त्याचे पाते इतके बारीक ठोकलेले असे, की पहिल्याच धडकेला ते वाकावे. म्हणजे शत्रूला तो उचलून परत फेकता येऊ नये! शिरस्त्राणावर लांडग्याचे कातडे चढवीत, ते अशासाठी की गर्दीत कोण पुढे झाला हे अधिकाऱ्याला लांबूनही ओळखू यावे. नाव नसले तरी निदान कातडे ओळखले जाई.

असाच भालाफेक्या शिकंदराबरोबर हिंदुस्थानातही आला. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाने हत्तींची भिंत उभी केली आणि हत्तींच्या मधल्या फटींत पायदळ भरले. शिकंदराच्या हलक्या लोकांनी आधी माहुतांवर भाले टाकले. माहूत पडले, हत्ती जखमी होऊन बेफाम झाले आणि जागा अपुरी पडताच मित्र-शत्रू न पाहता तुडवू लागले. शिकंदराच्या लोकांना मागे सरायला मोकळे मैदान होते. पोरसाच्या पायदळाला नव्हते. ते आपल्याच हत्तींच्या पायाशी चेंगरले. त्या दिवशी एकीकडे पाईक लढत होते आणि दुसरीकडे प्यादी मांडून ठेवली होती, असे मला वाटते. पोरसाच्या शौर्याचे पोवाडे आपण पुष्कळ गातो. त्या फटींत उभ्या असलेल्यांना तिथे कुणी उभे केले, हा प्रश्न पोवाड्यात बसत नाही.

कौटिल्याच्या पुस्तकात मात्र याचे उत्तर होते. कोणत्या दळाला कोणती जमीन, हे सांगताना तो म्हणतो की खुंट, धोंडे, झाडे, वेली, वारुळे आणि झुडपे यांनी भरलेली ती पायदळाची जमीन. आपल्या सातमाळ्याचे, बालाघाटाचे, मावळाचे वर्णन करायला याहून नेमके शब्द कुणी शोधावेत? ज्या जमिनीला रथवाला शिव्या देतो, तीच पाईकाची मायभूमी.

त्या भूमीने पुढे आपले एक खास हत्यारही घडवले. मराठ्यांचा ‘विटा’. (सांगलीकडचे विटे गाव वेगळे.) हा भाला दोरीने मनगटाला बांधलेला असे. फेकावा, आणि लागला न लागला की दोरीने ओढून परत हातात घ्यावा. तो बाळगणारा विटेकरी. ग्रीकांनी भाल्याला वादी लावली ती तो लांब जावा म्हणून. आम्ही दोरी लावली ती तो परत यावा म्हणून! दोरीमुळे पल्ला तोकडा होतो हे उघड आहे. पण ज्याच्यापाशी चार भाले नाहीत, एकच आहे, त्याला परवडणारी रीत हीच.

महाराष्ट्राच्या भालेकऱ्याचे जुने वर्णन म्हणून आपण नेहमी ह्युएनत्संगाचा दाखला देतो. इ.स. ६४१ च्या सुमारास, पुलकेशीच्या अमदानीत तो इकडे आला होता. त्याने लिहिले आहे, की या राजाच्या पदरी काही शे खास वीर आहेत. ते मद्य पिऊन रणात उतरतात, एकेकजण भाला घेऊन दहा हजारांना आव्हान देतो, त्यांच्यापुढे नगारे वाजतात, आणि वाटेत त्यांच्या हातून कुणी मारला गेला तरी कायदा त्यांना विचारीत नाही. हा उतारा व्याख्यानात म्हटला की टाळ्या हमखास. मला मात्र तो वाचताना त्या वाटेवरच्या माणसाची काळजी वाटते. ज्याच्यापुढे नगारा वाजतो तो दबा धरून बसणार कसा? हा आपला पाईक नव्हे, हा राजाचा लाडका पहिलवान.

आपला पाईक मला सापडतो तो हालाच्या गाथासप्तशतीत. महाराष्ट्री प्राकृतातल्या या सातशे गाथांचा स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली मराठीत मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो आमच्या पिढीपर्यंत ग्रंथालयातल्या वरच्या फळीवर का होईना पोचला. त्या गाथांपैकी एकीत गावच्या पाटलाचा मुलगा आहे. त्याची छाती घावांच्या वणांनी इतकी खडबडीत झाली आहे, की तिच्यावर डोके ठेवून झोपणाऱ्या बायकोला धड झोप लागत नाही. पण वाडी मात्र त्याच्या जिवावर सुखाने झोपते. नगारा नाही, मद्य नाही, राजाचे नावही नाही. आहे ती एक वाडी, आणि रात्रभर कूस बदलणारी एक बाई.

आणि मग तुकोबा. त्यांच्या गाथेत ‘पाईका’चे म्हणून अकरा अभंग एकत्र आहेत. सभेतून पाईक हा शब्द उधळणाऱ्यांनी ते एकदा ओळीने वाचावेत अशी माझी फार इच्छा आहे. त्यात भडिमार सोसण्याची गोष्ट आहे, धन्यासाठी जीव देण्याचीही आहे. तेवढी सर्वांना पाठ असते. पण त्यातच एका ठिकाणी तुकोबांनी पाईकाचे जे लक्षण सांगितले आहे, ते पाहून इफिक्रेटीसने मान डोलावली असती. पाईकाला पाठलागाची आणि निसटण्याची रीत माहीत हवी, चोरवाटा माहीत हव्यात. त्याने स्वतःला राखून दुसऱ्याला ठकवावे. शत्रूला आपल्यापर्यंत पोचू देऊ नये आणि मागे आपला माग ठेवू नये. आणि जो हे जाणतो त्याला जग धनी मानते, असा तुकोबांचा निर्वाळा आहे. पाईक स्वतःच धनी! शेवटच्या बाकावर सतरंज्या उचलण्याची व्याख्या झाली, तिच्यापासून ही व्याख्या किती कोस दूर आहे? भक्तीच्या वाटेवरही सतत डोळे उघडे ठेवावे लागतात, मागे सरून पुन्हा यावे लागते, हे सांगायला तुकोबांना दृष्टांत हवा होता. तो त्यांनी हत्तीवरच्या सरदारात शोधला नाही.

आणखी एक गोष्ट ते सांगतात. खऱ्या जातीचा पाईक दुसऱ्या पाईकाला बरोबर ओळखतो. पोटासाठी हत्यार धरलेले लोक वेगळे, ते वेठीला धरल्यासारखे दिसतात आणि दिसताक्षणी कळतात. देहूच्या वाण्याला ही पारख कुठून आली, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने मला विचारला होता. प्रश्न चांगला आहे. सतराव्या शतकातल्या त्या मुलखात निजामशाही, आदिलशाही आणि मोगल अशा तिघांच्या फौजा फिरत होत्या. पायी जाणारा शिपाई तहानेला आणि उधारीला गावातच थांबणार, आणि उधारी द्यायची ती वाण्याने. उधार नेलेले पीठमीठ कोण कधी आठवणीने चुकते करतो आणि कोण छावणी हलली की तोंड चुकवतो, यावरून माणूस पुष्कळ कळतो. पण ही कागदपत्रे तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली असे सांगतात, तेव्हा त्याचा पुरावा कुणी माझ्यापाशी मागू नये.